हिवाळ्यात वाळवंटात आकाशदर्शनासाठी मुक्काम : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी नियोजन

वाळवंटातील हिवाळी आकाश स्वच्छ असते आणि तेथील रात्र बोचरी थंड असते, या दोन्ही गोष्टींमागचे कारण एकच आहे. तेथील हवेत बाष्प फार कमी असते. बाष्प आणि ढग जमिनीतून निघणारी उष्णता अडवून तिचा बराच भाग खाली परत पाठवतात. वाळवंटावर हे पांघरूण नसल्याने दिवसभर साठलेली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने सहज अवकाशात निघून जाते. कोरडी वाळू उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे खालच्या थरांतील ऊबही वर येत नाही. परिणामी दुपारी सदऱ्यावर वावरता येईल अशी हवा असलेल्या जागी पहाटे पाण्याच्या बाटलीत बर्फ धरू शकतो.

म्हणून या मुक्कामाचे नियोजन करताना एकच कसोटी डोळ्यांसमोर ठेवावी : पहाटे दोन वाजता, पूर्ण अंधारात, तासभर न हलता आकाशाकडे पाहत पडून राहता येईल का? नवख्या मंडळींचे बहुतेक बेत दुर्बिणीच्या अभावी फसत नाहीत. थंडीने कुडकुडून माणसे दहा वाजता तंबूत शिरतात आणि रात्रीचा उत्तम भाग झोपेत जातो. पुढील पायऱ्या या कसोटीला धरूनच मांडल्या आहेत.

येथील नक्षत्रांचे वर्णन उत्तर गोलार्धातील साधारण ३० अक्षांशाच्या आसपासच्या प्रदेशाला धरून आहे. दक्षिण गोलार्धात हिवाळा जून ते ऑगस्टमध्ये येतो आणि नामिब किंवा अटाकामासारख्या वाळवंटांत त्या काळात आकाशगंगेचा केंद्रभाग जवळजवळ डोक्यावर येतो. तेथे जाणाऱ्यांनी तयारीचा भाग तसाच वापरावा, आकाशाचा नकाशा मात्र वेगळा घ्यावा.

पायरी १ : तारीख चंद्र पाहून ठरवावी

सुट्टी केव्हा मिळते हा प्रश्न दुसरा; पहिला प्रश्न चंद्र केव्हा नसतो हा. पौर्णिमेच्या आसपास वाळवंटात वाचता येईल इतका उजेड पडतो आणि अंधूक तारे, तेजोमेघ (अवकाशातील वायू-धुळीचे ढग), आकाशगंगा हे सारे त्यात बुडून जाते. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे वद्य अष्टमीच्या सुमारास तो मध्यरात्रीपर्यंत वर येत नाही आणि रात्रीचा पूर्वार्ध अंधारा मिळतो. अमावास्येनंतर शुद्ध चतुर्थी-पंचमीपर्यंतची कोर रात्री नऊ-साडेनऊपर्यंत मावळते. नवख्यांनी वद्य नवमीपासून शुद्ध चतुर्थीपर्यंतचा काळ निवडावा. त्यातही शुद्ध द्वितीया-तृतीया मला सर्वांत सोयीची वाटते : संध्याप्रकाशात पश्चिमेला कोर दिसते, तिच्या मंद उजेडात तंबूची शेवटची आवराआवर होते आणि ती मावळली की उरलेली सारी रात्र आपली असते.

अंधार म्हणजे नेमके काय, हेही समजून घ्यावे. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला म्हणजे आकाशातील संधिप्रकाश संपतो. ३० अक्षांशाजवळ डिसेंबरात यासाठी सूर्यास्तानंतर सुमारे दीड तास लागतो. सूर्यास्त ते सूर्योदय ही रात्र तेथे जवळपास १४ तासांची असते आणि तिच्यापैकी सुमारे ११ तास पूर्ण अंधार मिळतो. उन्हाळ्यातील कोणत्याही रात्रीपेक्षा हा काळ कितीतरी मोठा आहे; थंडी सोसण्याचा मोबदला तोच.

उल्कावर्षाव पाहण्याची इच्छा असेल तर १३ आणि १४ डिसेंबरच्या दरम्यानची रात्र धरावी. मिथुन राशीतून येताना दिसणारा हा वर्षाव वर्षातील सर्वांत भरघोस वर्षावांपैकी एक आहे. १९८३ मध्ये सापडलेल्या फेथॉन या लघुग्रहाने मागे सोडलेल्या कणांमुळे तो घडतो आणि आदर्श परिस्थितीत ताशी शंभराहून अधिक उल्का दिसू शकतात. पण त्या वर्षी त्या तारखेला चंद्र कोठे आहे हे पाहिल्याशिवाय बेत पक्का करू नये.

शक्य असल्यास दोन रात्री मुक्काम करावा. एखाद्या रात्री ढग येतात किंवा वाऱ्याने उडालेली धूळ आकाश गढूळ करते. शिवाय पहिली रात्र बरीचशी सामान कोठे ठेवले ते शोधण्यातच जाते.

पायरी २ : जागा

प्रकाशप्रदूषणाचे नकाशे आता इंटरनेटवर फुकट पाहता येतात. त्यांत अनेकदा जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेल्या नऊ वर्गांच्या मापनपट्टीचा उल्लेख असतो : पहिला वर्ग निखळ अंधाराचा, नववा मोठ्या शहराच्या मध्यभागाचा. तिसऱ्या वर्गाची किंवा त्याहून अंधारी जागा मिळाली तर नवख्याला आणखी दूर जाण्याची गरज नाही. पहिल्या वर्गाच्या हव्यासापायी रस्त्यापासून शेकडो किलोमीटर आत शिरणे हा अनुभवी लोकांचा उद्योग आहे.

नकाशा पाहताना दिशेकडे मात्र लक्ष द्यावे. जवळच्या शहराचा उजेड क्षितिजावर घुमटासारखा दिसतो आणि त्या बाजूचे आकाश निरुपयोगी करतो. हिवाळ्यातील मृग, व्याध, अगस्त्य ही सारी दक्षिणेकडील मंडळी असल्यामुळे शहर आपल्या उत्तरेला राहील, म्हणजेच आपण शहराच्या दक्षिणेला जाऊ, अशी जागा निवडावी.

त्या भागात रात्री राहण्यास परवानगी लागते का, जमीन खाजगी, संरक्षित किंवा सीमेलगतची आहे का, याची चौकशी आधी करावी. पहिल्या खेपेस व्यवस्था असलेल्या मुक्कामस्थळी जाणे शहाणपणाचे आहे, पण आरक्षणापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : आवारातील दिवे रात्री किती वाजता बंद होतात, आणि दिव्यांपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर मोकळी, सुरक्षित जागा आहे का? ‘ताऱ्यांखाली मुक्काम’ अशी जाहिरात करणाऱ्या ठिकाणी मध्यरात्रीपर्यंत रंगीत दिवे आणि जनित्र चालू असणे हे काही दुर्मीळ नाही.

स्वतः तंबू ठोकणार असाल तर चार जागा टाळाव्यात. कोरड्या नदीच्या पात्रात कधीही राहू नये. आपल्या डोक्यावर चांदणे असताना दूर डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा तेथे येऊ शकतो. खोलगट जागी राहू नये, कारण थंड हवा जड असल्याने रात्री उतारावरून वाहत खाली साचते आणि काही मीटर उंचीवरच्या सपाटीपेक्षा खळगा जाणवण्याइतका थंड असतो. वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर वारा झोडपतो, तर तिच्या वाऱ्याआडच्या तीव्र उतारापाशी माथ्यावरून ढासळणारी वाळू तंबूवर येते. आजूबाजूपेक्षा किंचित उंच, सपाट आणि घट्ट जमीन उत्तम; पूर्व आणि दक्षिण क्षितिज मोकळे असेल तर आणखी उत्तम.

पायरी ३ : वाहन, पाणी आणि मागे ठेवलेला निरोप

पक्का रस्ता सोडून जायचे असेल तर किमान दोन वाहने असावीत. मऊ वाळूत टायरमधील हवा १५ ते २० पीएसआयपर्यंत (टायरमधील दाबाचे एकक) कमी केली की टायर पसरतो आणि रुततो कमी. परतताना ती पुन्हा भरण्यासाठी छोटा पंप लागतो. फावडे, चाकाखाली घालण्याच्या पट्ट्या आणि ओढण्याचा दोर सोबत असावा. यांपैकी काहीही पूर्वी वापरलेले नसेल तर वाळूत शिरूच नये, घट्ट रस्त्याच्या कडेने गाठता येणारी जागा निवडावी.

पाणी दरडोई दररोज किमान चार लिटर धरावे आणि एका दिवसाचा साठा वरकड ठेवावा. दोन रात्री आणि तीन दिवसांच्या मुक्कामासाठी हा हिशेब माणशी १६ लिटर होतो. थंडीत तहान कमी लागते, पण कोरड्या हवेत श्वासावाटे आणि त्वचेवाटे पाणी जातच असते. सारे पाणी एकाच मोठ्या डब्यात न भरता दोन-तीन डब्यांत वाटावे, म्हणजे एक फुटला तरी अडचण होत नाही.

जाण्यापूर्वी एका जबाबदार व्यक्तीकडे लेखी निरोप ठेवावा : मुक्कामाचे अक्षांश-रेखांश, वाहनांचे क्रमांक, परतण्याची वेळ आणि किती वाजेपर्यंत संपर्क न झाल्यास कोणाला कळवायचे. नकाशा मोबाइलवर आधीच उतरवून घ्यावा, कारण तेथे नेटवर्क मिळेल असे गृहीत धरता येत नाही. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी उपकरणे उपयुक्त आहेत, परंतु काही देशांत ती बाळगण्यासाठी परवाना लागतो, तेव्हा नियम तपासून मगच न्यावीत. वाट चुकल्यास किंवा वाहन बंद पडल्यास वाहनापाशीच थांबावे. शोधणाऱ्यांना चालणाऱ्या माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

पायरी ४ : ऊब

खर्च करायचा असेल तर तो येथे करावा. पहिले लक्ष अंगाखालच्या थराकडे द्यावे, कारण स्लीपिंग बॅगचा खालचा भाग वजनाने दबला की त्यातील हवा निघून जाते आणि तो जवळजवळ निरुपयोगी होतो; शरीराची उष्णता मग सरळ जमिनीत उतरते. मॅटवर आर-मूल्य, म्हणजे ती उष्णता किती अडवते याचा आकडा, छापलेले असते. शून्याच्या आसपास तापमान जाणार असेल तर ते चार किंवा अधिक असावे. हवेच्या मॅटखाली फोमची साधी मॅट टाकल्यास दोन्हींची मूल्ये मिळतात आणि काट्याने हवेची मॅट फुटली तरी रात्र निभावते. काटेरी झुडपांच्या प्रदेशात हा धोका खराच असतो.

स्लीपिंग बॅगवर अनेकदा तीन तापमाने दिलेली असतात : कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. विकत घेताना फक्त कम्फर्टचा आकडा पाहावा. एक्स्ट्रीमचा आकडा हा आरामाचा नसून जीव वाचण्याच्या शक्यतेचा आहे, आणि नेमका तोच काही वेळा ठळक अक्षरांत छापलेला असतो. अपेक्षित किमान तापमानापेक्षा सुमारे पाच अंश खालचा कम्फर्ट आकडा असलेली बॅग घ्यावी.

आकाश पाहताना माणूस चालत नाही, काम करत नाही, तासन्‌तास स्थिर असतो. त्यामुळे गिर्यारोहणासाठी पुरेसे ठरणारे कपडे येथे अपुरे पडतात. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचे किंवा कृत्रिम भरणाचे जाड जाकीट, आणि वारा असेल तर त्याला अडवणारे बाहेरचे आवरण, असे थर करावेत. अंगालगत सुती बनियन नको, कारण ओला सुती कपडा लवकर वाळत नाही आणि अंग गार करतो. पायांसाठी जाड मोजे घ्यावेत, पण ते घातल्यावर बूट घट्ट होता कामा नयेत. रक्तप्रवाह आवळला तर दोन मोजेही ऊब देत नाहीत. हातमोज्यांच्या दोन जोड्या असाव्यात, एक पातळ जोडी उपकरणे हाताळण्यासाठी आणि तीवर चढवण्याजोगी दुसरी जाड जोडी. हे सगळे सूर्य मावळण्यापूर्वीच चढवावे. एकदा अंग गारठले की तेच कपडे अंगाला परत ऊब आणण्यात फार वेळ घेतात.

झोपताना गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून बॅगेत पायांशी ठेवावी. निजण्यापूर्वी काही खावे. मद्य टाळावे, कारण त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर उबदार वाटते आणि शरीराची उष्णता प्रत्यक्षात वेगाने बाहेर जाते. तंबूच्या खिडक्या पूर्ण बंद करू नयेत, नाहीतर श्वासातील बाष्प आतल्या कापडावर गोठून पहाटे अंगावर गळते. तंबूत शेगडी, कोळसा किंवा गॅसचा हीटर कोणत्याही कारणाने पेटवू नये; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

शेगडीबद्दल आणखी एक तपशील. साध्या डब्यांत भरलेल्या ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश सेल्सियस असतो, त्यामुळे शून्याजवळ त्याचा वायू होणेच थांबते आणि डबा भरलेला असूनही शेगडी पेटत नाही. प्रोपेन मिसळलेला डबा घ्यावा किंवा चहापाण्याचे काम थंडी पडण्याआधी उरकून थर्मास भरून ठेवावेत. मी दुसरा मार्ग पत्करतो. मध्यरात्री ज्योत पेटवली की डोळ्यांची अंधाराची सवयही मोडते.

तंबूच्या नेहमीच्या खुंट्या वाळूत धरत नाहीत. कापडी पिशव्यांत वाळू भरून, त्यांना दोर बांधून, त्या हातभर खोल पुराव्यात.

पायरी ५ : उपकरणे, कमीत कमी

पहिल्या मुक्कामाला दुर्बीण नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिची जुळवणी, बारीक वाळूपासून राखण आणि बाहेरच्या तापमानाला येईपर्यंतची प्रतीक्षा यांत नवख्याची संध्याकाळ सरते. ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर; पहिला आकडा किती पट मोठे दिसते त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाचा), मागे कलणारी आरामखुर्ची, फिरता तारानकाशा आणि स्टेलॅरियमसारखे आकाशाचा नकाशा दाखवणारे ॲप एवढे पुष्कळ झाले. डोके मागे टाकून उभ्याने पाहिल्यास दहा मिनिटांत मान धरते. खुर्ची म्हणूनच चैनीची वस्तू नाही.

लाल उजेडाचे हेडलॅम्प प्रत्येकाकडे असावेत आणि राखीव बॅटऱ्यांसह पॉवर बँक रात्री अंगाजवळ ठेवावी, कारण थंडीत बॅटरीची क्षमता घटते. छायाचित्रे काढायची असल्यास भक्कम ट्रायपॉड लागतो. २४ मिलिमीटरच्या भिंगाला सुमारे २० सेकंदांपेक्षा जास्त उघडीप (एक्स्पोजर) दिली तर तारे रेषांसारखे ओढले जातात. याहून अधिक छायाचित्रण पुढच्या खेपेस करावे.

पायरी ६ : प्रत्यक्ष रात्र

सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी जागेवर पोहोचावे. उजेडात तंबू ठोकावा, शौचाची जागा ठरवावी, वाहनातील आतले दिवे आणि दार उघडताच लागणारे दिवे बंद करावेत, आणि रात्री लागणारी प्रत्येक वस्तू ठरलेल्या खिशात ठेवावी. तंबूच्या दोरांवर परावर्तक पट्टी बांधावी. शंभर पावलांवर गेलेल्या माणसालाही अमावास्येच्या रात्री आपला तंबू सापडत नाही, म्हणून जमिनीलगत एक अगदी मंद लाल दिवा खूण म्हणून लावून ठेवावा. थंडीत साप-विंचू फारसे हिंडत नाहीत, तरी सकाळी बूट झटकूनच घालावेत.

डोळ्यांना अंधाराची पुरती सवय होण्यास २० ते ३० मिनिटे, कधी अधिक वेळ लागतो. दृष्टिपटलातील मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींमधील रंगद्रव्य तेवढ्या काळात पुन्हा तयार होते आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ते नष्ट होते. दंडपेशी लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या असतात, म्हणून लाल दिवा चालतो, तोही मंदच. मोबाइल हाच येथे मोठा शत्रू आहे. त्याचा पडदा लाल करण्याची सोय ॲपमध्ये असते, पण गटातील सर्वांनी तो खिशात ठेवण्याचे आधी ठरवावे. शेकोटी करायचीच असेल तर ती आणलेल्या लाकडावर, संध्याप्रकाशात पेटवून अंधार पडण्यापूर्वी विझवावी. वाळवंटात सरपण मुळातच तुटपुंजे असते.

अंधूक वस्तू पाहताना तिच्याकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहावे. दृष्टिपटलाच्या ऐन मध्यभागी दंडपेशी नसतात, त्यामुळे अंधूक तेजोमेघ नजर रोखली की विरतो आणि नजर थोडी हलवली की पुन्हा उमटतो.

डिसेंबरच्या अखेरीस सायंकाळी सातच्या सुमारास देवयानी हा तारकासमूह डोक्यावर असतो. देवयानीतील दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, धुरकट, लांबट ठिपक्यासारखी नुसत्या डोळ्यांना दिसते. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची ही वस्तू ओळखणे हे रात्रीचे पहिले काम असावे. उत्तरेकडील शर्मिष्ठा आणि ययाती या तारकासमूहांच्या मधोमध द्विनेत्रीने पाहिल्यास ताऱ्यांचे दोन गुच्छ शेजारी शेजारी दिसतात. दहाच्या सुमारास कृत्तिका आणि रोहिणी माथ्यावर येतात. कृत्तिकेतील तारे मोजावेत : सहाहून अधिक दिसले तर आकाश आणि डोळे दोन्ही उत्तम आहेत.

मृगावर घाईने नजर फिरवू नये. त्याच्या पोटातील तीन ताऱ्यांचा बाण सर्वांना माहीत असतो. त्या बाणाखालच्या अंधूक उभ्या रांगेतील मधला तारा द्विनेत्रीने पाहिला तर तो ढगासारखा पसरट दिसतो. सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा हा तेजोमेघ आहे आणि त्यात आजही नवे तारे जन्माला येत आहेत. मृगातीलच तांबूस काक्षी आणि निळसर पांढरा राजन्य या ताऱ्यांचे रंग एकापाठोपाठ पाहून ताडावेत. नंतर राजन्य, रोहिणी, ब्रह्महृदय, पोलक्स, प्रश्वा आणि व्याध असा तेजस्वी ताऱ्यांचा षट्‌कोन पुरा करावा. एवढा षट्‌कोन पाठ झाला की हिवाळी आकाशात वाट चुकत नाही.

मध्यरात्रीच्या आसपास अगस्त्य बरोबर दक्षिणेला येतो. ३० अक्षांशावरून तो क्षितिजापासून जेमतेम सात अंशांवर असतो, म्हणून जागा निवडताना दक्षिण क्षितिजाचा आग्रह धरला होता. दोनच्या सुमारास पुष्य नक्षत्रातील तारकागुच्छ डोक्यावर असतो आणि चारनंतर उत्तरेला सप्तर्षी उंच चढतात, पूर्वेकडे स्वाती आणि चित्रा बऱ्याच वर आलेल्या असतात.

एक अपेक्षाभंग आधीच टाळावा. छायाचित्रांतून परिचित असलेला आकाशगंगेचा भरगच्च केंद्रभाग डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दिसत नाही, कारण तो तेव्हा सूर्याच्या बाजूला असतो. हिवाळ्यात आपण आकाशगंगेच्या बाहेरच्या कडेकडे पाहत असतो. शर्मिष्ठेपासून ययाती, सारथी ओलांडून मृगाच्या पूर्वेने उतरणारा तिचा पट्टा फिकट असतो आणि खऱ्या अंधारातच नीट दिसतो. फेब्रुवारीच्या अखेरीस पहाटे मात्र केंद्रभाग आग्नेयेला डोकावू लागतो. त्याच सुमारास संध्याप्रकाश संपल्यावर पश्चिमेला तिरपा, शंकूसारखा पांढुरका उजेड दिसला तर त्याला शहराचा उजेड समजू नये. ग्रहांच्या कक्षांच्या प्रतलातील धुळीवरून विखुरलेला तो सूर्यप्रकाश असतो.

सलग जागण्याचा हट्ट करू नये. सात ते साडेदहा पाहावे, तीन तास झोपावे, दोनचा गजर लावून पुन्हा तासभर बाहेर यावे. कोणी असंबद्ध बोलू लागले, हात थरथरून बटणे लावता येईनाशी झाली किंवा कुडकुडणे अचानक थांबून सुस्ती आली, तर ते शरीराचे तापमान घसरल्याचे लक्षण आहे. अशा व्यक्तीला ताबडतोब वाऱ्याआड नेऊन कोरडे कपडे आणि स्लीपिंग बॅग द्यावी, पूर्ण शुद्धीवर असल्यासच गरम गोड पेय द्यावे, एकटे सोडू नये आणि मदत बोलवावी.

पायरी ७ : सकाळ

तंबूवरचे दव किंवा हिम उन्हात वाळेपर्यंत त्याची घडी घालू नये. पुरलेल्या पिशव्यांतील वाळू तेथेच सांडावी, कचरा आणि वापरलेले कागद परत न्यावेत. कोरड्या हवेत ते कुजत नाहीत, वर्षानुवर्षे तसेच राहतात. टायरमध्ये हवा भरल्याशिवाय पक्क्या रस्त्यावर वेग घेऊ नये. रात्र अर्धी जागून काढलेल्या चालकाने लगेच निघू नये, ऊन चढेपर्यंत झोप पुरी करावी, आणि घरी ठेवलेल्या निरोपात परतण्याची वेळ लिहिताना हे तासही मोजलेले असावेत.